दुसऱ्यांदा करू द्या

दोन माणसं, एक खोली, दीड मिनिट. संवाद असलेच तर सहा-सात वाक्यांचे. फिल्ममेकिंगच्या पहिल्या वर्षाला देतात तसा साधा सराव. पाच जणांच्या एका गटाने तो शूट केला, जुळवला आणि वर्गात लावला. मुलगी दारातून आत येते, टेबलावर पाकीट ठेवते, बहीण ते उघडत नाही. चित्र ठीक होतं. पण प्रत्येक कटला मागचा आवाज बदलत होता. मुलीच्या शॉटमध्ये घरघर, बहिणीच्या शॉटमध्ये शांतता, परत घरघर. मुलांना ते ऐकू येत नव्हतं, कारण जुळवताना सगळं लक्ष चेहऱ्यांकडे होतं. मी प्रोजेक्टर झाकला आणि नुसता आवाज लावला. अर्ध्या मिनिटात मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "फ्रिज आहे तो."

फ्रिजच होता. एका शॉटच्या वेळी त्याचा कॉम्प्रेसर चालू होता, दुसऱ्याच्या वेळी बंद. संवाद तोडून जोडला की मागची घरघरही तुटते, आणि सलग घरघरीपेक्षा तुटलेली घरघर कानाला जास्त टोचते. यावर मी त्याआधी दोन तास घेतले होते. रूम टोन म्हणजे काय, प्रत्येक जागी काम संपल्यावर सगळ्या युनिटने न हलता उभं राहून निदान अर्धा मिनिट त्या खोलीची शांतता का रेकॉर्ड करायची, हे फळ्यावर लिहून दिलं होतं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. तरी फ्रिज चालूच राहिला.

पुढच्या आठवड्यात मी त्या गटाला तोच प्रसंग, त्याच खोलीत, परत शूट करायला लावला. या वेळी साउंड सांभाळणाऱ्या मुलीने सगळ्यात आधी फ्रिज बंद केला आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवून दिली. घरी जाताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागणार, म्हणजे तो परत चालू करायचा राहणार नाही. साउंड रेकॉर्डिस्टांमधली ही जुनी युक्ती. मी ती वर्गात सांगितली नव्हती. पहिल्या वेळची घरघर तिच्या डोक्यात राहिली आणि तिने कुठून तरी शोधून काढली.

मला लिहायचं आहे ते त्या दुसऱ्या वेळेबद्दल.

आता जवळपास प्रत्येक फिल्म कोर्सच्या माहितीपत्रकात "प्रत्यक्ष प्रशिक्षण" हे शब्द ठळक अक्षरांत असतात. शेजारी फोटो: खांद्यावर कॅमेरा घेतलेला विद्यार्थी, मागे हिरवा पडदा, छताला टांगलेले लाइट. फोटो खरे असतात आणि यंत्रंही खरी असतात. पण तो विद्यार्थी तीन वर्षांत त्या कॅमेऱ्यापाशी किती वेळा गेला, आणि पहिल्या वेळी जे बिघडलं ते सुधारायला त्याला कुणी परत पाठवलं का, हे माहितीपत्रक सांगत नाही. पहिल्या वेळी फक्त अनुभव येतो. शिक्षण दुसऱ्या वेळी होतं. ज्या कॉलेजच्या वेळापत्रकात दुसऱ्या वेळेला जागा नाही, त्याने आपल्या कोर्सला प्रात्यक्षिक म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठल्याही हातकामाला हे लागू आहे, पण फिल्मला जास्त लागू आहे, आणि त्याचं कारण या कामाच्या घडणीतच आहे. चाकावरचं मडकं कलंडायला लागलं की कुंभाराच्या बोटांना त्याच क्षणी कळतं. गाणाऱ्याचा सूर हलला की तंबोरा लगेच सांगतो. चूक आणि चुकीची जाणीव यांच्यात अंतरच नसतं, म्हणून हात आपोआप सुधारत जातो. फिल्ममध्ये चूक होते मंगळवारी, एका गच्चीवर, आणि ती कळते पुढच्या सोमवारी, अंधाऱ्या खोलीत, एडिटच्या टेबलावर. तोवर गच्ची गेलेली असते, ते ऊन गेलेलं असतं आणि नटाने दाढी केलेली असते. हात चुकला कुठे हे हाताला कळण्याची वेळ टळून गेलेली असते. ही आठवड्याची दरी कॉलेजने बांधून काढली नाही, तर विद्यार्थी टेबलावर बसून "पुढच्या वेळी बघू" म्हणतो. त्याची पुढची वेळ सहा महिन्यांनी येते, वेगळी गोष्ट घेऊन आणि वेगळ्या चुका घेऊन.

लाइन क्रॉस होण्याचंच घ्या. समोरासमोर बसलेल्या दोघांमधून एक रेघ जाते असं धरायचं आणि कॅमेरा रेघेच्या एकाच अंगाला ठेवायचा, हा १८० अंशांचा नियम पहिल्या पंधरवड्यातच आकृती काढून शिकवतात. आकृती सगळ्यांना कळते. पण शूटिंगला गेल्यावर पलीकडच्या अंगाने चेहरा जास्त चांगला दिसतो, खिडकीचा उजेडही तिकडूनच येत असतो, आणि मुलं कॅमेरा उचलून तिकडे नेतात. शॉट सुंदर येतो. जुळवायला बसल्यावर दोघंही पडद्यावर डावीकडेच बघताना दिसतात, एकमेकांशी बोलण्याऐवजी दोघं मिळून एकाच बसची वाट बघत असल्यासारखी. ज्या मुलाने त्या दोन शॉटशी तासभर झटापट केली, मध्ये हाताचा क्लोजअप घालून पाहिला, एक शॉट आरशासारखा उलटा करून पाहिला आणि मग शर्टाचा खिसा दुसऱ्या बाजूला गेलेला दिसल्यावर डोकं धरलं, त्याला त्याच खोलीत परत पाठवा. आत शिरल्याबरोबर तो जमिनीवर चिकटपट्टीने रेघ मारेल. आणखी दोन-तीन सराव झाले की त्याला पट्टी लागणार नाही. आणि पुढे कधीतरी तो ती रेघ मुद्दाम ओलांडेल, कारण त्या दोन माणसांमधलं काहीतरी तुटलं हे त्याला शब्दांवाचून दाखवायचं असेल. आकृतीपासून तिथवर जायला दुसरी वाट मला तरी दिसलेली नाही.

प्रकाशाचंही तसंच. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो, हे शाळेत भौतिकशास्त्रात येऊन गेलेलं असतं. टेबललॅम्पवर वाकून पत्र वाचणारा नट खुर्चीत मागे रेलला आणि त्याचा चेहरा एकदम विझला, की त्या सूत्राची किंमत समजते. मग विद्यार्थी विचारतो, आता काय करायचं? दिवा लांब नेऊन मोठा लावायचा, की नटालाच सांगायचं रेलू नकोस, की चेहरा विझू द्यायचा, कारण पत्रातली बातमीच तशी आहे? हा तिसरा पर्याय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो फळ्यावर सुचत नाही. पहिल्यांदा चेहरा चुकून विझलेला पाहिला असेल, तरच दुसऱ्यांदा तो जाणूनबुजून विझवता येतो.

फिल्म शिकवणाऱ्यांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. मॉस्कोत १९१९ साली सरकारी फिल्मशाळा सुरू झाली तेव्हा देशात यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि कच्ची फिल्म मिळणं दुरापास्त होतं. तिथे शिकवणाऱ्या लेव्ह कुलेशोव्ह यांच्या कार्यशाळेतली मुलं मग फिल्मशिवायच्या फिल्म बसवायची. शॉट ठरवायचे, क्रम ठरवायचा, आणि कॅमेरा समोर आहे असं समजून प्रसंग तुकड्यातुकड्यांनी उभा करायचा. पुढे जगभर नाव झालेले दिग्दर्शक पुडोव्हकिन याच कार्यशाळेत घडले. म्हणजे साधन नव्हतं, पण सराव होता. आजच्या कित्येक कॉलेजांत नेमकं उलटं चित्र आहे. साधनं कपाटात कुलूपबंद आहेत, कारण ती महाग आहेत, आणि वीस जणांच्या वर्गाला कॅमेरा दाखवला जातो तो टेबलावर ठेवून, हात न लावता.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन तंत्र पाहून आले, यंत्रं आली, आणि त्यांनी आधी काय टिपलं? कुंडीतल्या बीचं रोप होताना. पैसे घालणाऱ्याला खात्री पटावी हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. पण कथा, नट, पोशाख, देखावे यांच्या वाटेला जाण्याआधी एक कुंडी, एक कॅमेरा आणि रोज तेच काम, एवढाच पसारा त्यांनी मांडला होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा चांगला सराव मला सांगता येणार नाही. तो आजही द्यावा. महिनाभर रोज एकाच वस्तूकडे बघायला लावणारं दुसरं काय आहे आपल्या अभ्यासक्रमांत?

कच्च्या फिल्मच्या काळात शिकलेल्यांना एक शिस्त फुकटात मिळाली, तिचीही आठवण ठेवायला हवी. सोळा एमएमचा ४०० फुटी रोल सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जेमतेम अकरा मिनिटं चालतो. कॅमेरा सुरू झाला की पैसे जळायला लागायचे, म्हणून बटण दाबण्याआधी तालीम व्हायची, फोकसची अंतरं टेपने मोजली जायची. आता कार्डावर तासन्‌तास मावतं. तीन मिनिटांच्या फिल्मसाठी मुलं पाच-सहा तासांचं फुटेज घेऊन येतात, आणि त्यातलं निम्मं त्यांनी स्वतःही पाहिलेलं नसतं. हा सराव नव्हे. एकच गोष्ट वीस वेळा रेकॉर्ड करणं वेगळं. एकदा करून, पाहून, चूक ओळखून परत करणं वेगळं. दोन टेकच्या मध्ये कुणी काही पाहिलं नाही, काही बोललं नाही, तर वीसही टेक पहिलेच असतात. मी काही सरावांना अकरा मिनिटांचीच मुभा देते. त्यापुढचं फुटेज मी बघत नाही. पहिल्या वेळी मुलं चिडतात. दुसऱ्या वेळी कॅमेरा काढण्याआधी खोलीत तासभर बसून राहतात, नटांना चालवून बघतात, आणि तो तास पडद्यावर दिसतो.

आता जरा कडू बोलते. मी शिकत होते तेव्हा आमच्या गटात सहा जण होते, चार मुलगे आणि आम्ही दोघी. पहिल्या शूटिंगच्या आदल्या दिवशी कामं वाटली गेली. ज्याच्या घरी आधीपासून कॅमेरा होता त्याला कॅमेरा. ज्याचा आवाज मोठा त्याला दिग्दर्शन. मैत्रिणीला कपडे आणि प्रॉपर्टी. मला कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळावं म्हणून सगळं टिपून ठेवण्याचं काम, कारण "तुझं अक्षर चांगलं आहे". मी मान डोलावली. पहिलंच शूटिंग होतं, कुठलं तरी काम मिळालं याचाच आनंद होता. दुसऱ्या प्रोजेक्टला वाटप तसंच राहिलं, कारण आता त्याला कॅमेरा "येत" होता आणि मला येत नव्हता. तिसऱ्याला तर कुणी विचारलंही नाही. दोन वर्षांत मी कॅमेरा हातात घेतला तो पेटीत ठेवण्यासाठी. गुणपत्रिकेवर मात्र छायालेखनाच्या प्रात्यक्षिकात मी उत्तम गुणांनी उत्तीर्ण आहे, कारण गटाचे गुण सगळ्यांना सारखेच वाटले गेले.

कंटिन्युइटीला मी हलकं काम मुळीच म्हणत नाही. आज मी संकलक म्हणून काम करते आणि कुठल्या हाताने पेला उचलला, कुठल्या शब्दावर मान वळली, हे बघायची सवय मला तिथेच लागली. पण माझं अक्षर चांगलं आहे म्हणून माझा कॅमेरा काढून घेण्याचा अधिकार त्या वर्गाला कुणी दिला होता? आणि शिक्षकांनी तो चालू का दिला? गटाला मोकळं सोडलं की गट बाहेरच्या जगासारखाच वागतो. ज्याला आधीपासून थोडं येतं त्याला जास्त मिळतं. ज्याच्याकडे घरून काहीच आलेलं नाही, तो तीन वर्षं लाइटच्या वायरी गुंडाळतो. कॉलेज नावाची जागा हे थांबवण्यासाठी आहे. म्हणून कामं आळीपाळीने फिरणं हे विद्यार्थ्यांच्या मर्जीवर सोडू नये, ते नियमातच असावं: प्रत्येकाने प्रत्येक काम करायचं, आणि प्रत्येक काम दोनदा. पहिल्यांदा फोकस चुकलेल्या मुलीला दुसऱ्यांदा फोकसवरच उभं करायचं. "तिला जमत नाही" हे वाक्य पहिल्या वेळेनंतर उच्चारायची कुणालाही परवानगी नसावी.

या सगळ्याच्या मुळाशी गुणांची पद्धत आहे. बहुतेक ठिकाणी गुण पडतात ते तयार फिल्मला. शेवटच्या वर्षाची एक मोठी फिल्म, तिचा जाहीर खेळ, पाहुणे, टाळ्या. साहजिकच विद्यार्थी चूक लपवायला शिकतो. घरचे पैसे घालून बाहेरचा कॅमेरामन आणतो, जुळवायला धंद्यातला एडिटर बसवतो, रंग दुसरीकडे करून घेतो. फिल्म देखणी होते आणि विद्यार्थ्याच्या हाताला तिच्यातलं काहीच लागलेलं नसतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची खडबडीत पण स्वतःच्या हातची फिल्म तिच्याशेजारी फिकी दिसते, आणि परीक्षकही माणसंच असतात. मी परीक्षक म्हणून बसले आहे तेव्हा मलाही हा मोह आवरावा लागला आहे. मला वाटतं, निम्मे गुण तरी दोन प्रयत्नांमधल्या अंतराला असावेत. विद्यार्थ्याने दोन्ही फिल्म दाखवाव्यात, पहिली आणि दुसरी, आणि काय बिघडलं होतं, ते कधी कळलं, परत करताना काय बदललं, हे समोर उभं राहून सांगावं. दुसरी वेळ पहिलीपेक्षा वाईट झाली तरी चालेल. ती का वाईट झाली हे ज्याला सांगता आलं, तो शिकला आहे.

हे परवडणार कसं, असं कॉलेजचे लोक विचारतात, आणि तो प्रश्न खोटा नाही. पण एक मोठी फिल्म करण्याऐवजी दहा लहान केल्या तर खर्च वाढत नाही. एक खोली, दोन माणसं, दिवसाचा उजेड, साधा कॅमेरा, बरा माइक. खरा खर्च आहे शिक्षकाच्या वेळेचा. वीस मुलांचे चार गट धरा. प्रत्येक गटाचं तासभर फुटेज पाहायचं म्हणजे चार तास, आणि त्यावर बोलायचं म्हणजे आणखी तितकेच. एका लहानशा सरावामागे एका शिक्षकाचा पूर्ण दिवस. वेळापत्रकात मात्र लिहिलेलं असतं, "प्रात्यक्षिक, दोन तास". रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, बघणं हे कुणाच्याच कामाच्या तासांत धरलेलं नसतं, म्हणून ते होत नाही. नवा कॅमेरा घ्यायला पैसे निघतात, कारण कॅमेऱ्याचा फोटो छापता येतो. अंधारात चार तास मुलांचं कच्चं फुटेज बघत बसलेल्या शिक्षकाचा फोटो कोण छापणार? आणि तो कॅमेरा चार-पाच वर्षांत जुना होतो, त्याचे मेनू बदलतात, सॉफ्टवेअर बदलतं. नजर कुठे जाते, शांतता किती वेळ टिकते, उजेड कसा पडतो, यातलं काही बदलत नाही. पैसे कशावर घालायचे ते यावरून ठरवायला हवं.

दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा. खिशात कॅमेरा आहे, एडिटिंगचं ॲप आहे, शिकवणारे व्हिडिओ फुकट आहेत, मग कॉलेज कशाला? या आक्षेपातला खरा भाग मला मान्य आहे. कॉलेजला येण्याआधी मोबाइलवर शंभर फिल्म केलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांचा हात खरोखर मोकळा असतो. पण त्या शंभरांत तीच चूक शंभर वेळा असते, कारण ती दाखवणारं कुणी नसतं. व्हिडिओतला शिक्षक त्यांची फिल्म बघत नाही. बघणारे मित्र "भारी" म्हणतात किंवा काहीच म्हणत नाहीत. आणि एकट्याने सगळं केलं की एक मोठी गोष्ट शिकायची राहते: आपल्या डोक्यातलं चित्र दुसऱ्या चार माणसांच्या डोक्यात कसं उतरवायचं. पोलंडमधल्या लोड्झ इथल्या, १९४८ साली सुरू झालेल्या फिल्मशाळेची एक आठवण नेहमी सांगितली जाते, ती तिथल्या लाकडी जिन्याची. विद्यार्थी आणि शिक्षक त्या पायऱ्यांवर बसून नुकत्याच पाहिलेल्या फिल्मवर तासन्‌तास भांडायचे. तो जिना मोबाइलमध्ये येत नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच कॉलेजांतही तो नसतो.

सेटवर सहायक म्हणून राहूनच शिकावं, असंही म्हणणारे आहेत, आणि फार मोठी माणसं त्या वाटेने आली आहेत. मला त्या वाटेचा आदर आहे. पण सेटवर कुणाच्या तरी पैशांचं काम चालू असतं. तिथे चूक झाली की ओरडा बसतो आणि काम दुसऱ्याकडे जातं. सहायकाला परत करून बघ म्हणायला तिथे कुणाला सवड नसते, आणि असावी अशी अपेक्षाही धरता येत नाही. तो एका माणसाची पद्धत शिकतो, त्याच्या चांगल्या-वाईट सवयींसकट. म्हणून काही कॉलेजं विद्यार्थ्यांना बिनपगारी सहायक म्हणून सेटवर धाडतात आणि त्या दिवसांना प्रात्यक्षिक धरतात, त्याचा मला राग येतो. फी कॉलेजने घ्यायची, श्रम निर्मात्याने घ्यायचे, आणि शिकवायचं कुणीच नाही. सेट जरूर दाखवावा. पण तो अभ्यासक्रमाच्या जागी ठेवू नये. पुण्यात १९६० साली फिल्म संस्था सुरू झाली ती प्रभात स्टुडिओच्या आवारात, आणि जिथे पूर्वी धंद्याचं काम चालायचं त्या फ्लोरवर विद्यार्थी सराव करू लागले. हीच मला योग्य दिशा वाटते. फ्लोर खरा असावा, पण तिथे घाई विद्यार्थ्याच्या शिकण्याची असावी.

सिद्धांताची बाजू घेणाऱ्या मित्रांशी माझं भांडण कमी आहे. फिल्म बघणं, वाचणं, इतिहास समजून घेणं यांशिवाय हात आंधळा राहतो. माझा आग्रह फक्त क्रमाबद्दल आहे. लाइन क्रॉस झालेल्या मुलाला त्याच संध्याकाळी जुन्या दिग्दर्शकाने ती कशी ओलांडली ते दाखवा. तो पडद्याकडे जसं बघेल तसं त्याने वर्षाच्या सुरुवातीला कधीच बघितलं नसतं.

एका ठिकाणी मात्र माझंच म्हणणं मला आवरतं घ्यावं लागतं. चूक करू द्या, परत करू द्या, हे सगळ्या चुकांना लागू नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २० फेब्रुवारी २०१४ रोजी रेल्वेपुलावर शूटिंग चालू असताना मालगाडी आली आणि सत्तावीस वर्षांची एक कॅमेरा-सहायिका गेली. रुळांवर शूटिंग करायला रेल्वे कंपनीची परवानगी नव्हती. दिग्दर्शकाने पुढच्या वर्षी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. हे धंद्यातले अनुभवी लोक होते. विद्यार्थ्यांच्या अंगात तर शॉटसाठी वाटेल ते करायची रग असते: कठड्यावर उभं राहायचं, चालत्या गाडीतून अर्धं बाहेर लोंबायचं, ओल्या जमिनीवरून वायरी न्यायच्या, रात्रभर जागून पहाटे गाडी चालवत घरी जायचं. इथे दुसरी वेळ नाही. म्हणून सुरक्षेचा सराव शूटिंगच्याही आधी व्हावा, आणि तोही हातानेच. लाइट स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय लाइट लावायचा नाही, जागेची रेकी केल्याशिवाय, म्हणजे ती आधी जाऊन नीट पाहून आल्याशिवाय, आणि लेखी परवानगी हातात असल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही, आणि युनिटमधल्या सगळ्यात लहान माणसानेही "थांबा" म्हटलं तर सगळ्यांनी थांबायचं. ते "थांबा" मोठ्याने म्हणायचाही सराव घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी वीसपैकी दोन-तीन जणांच्याच तोंडून ते फुटतं.

प्रवेश घेणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना माझी विनंती आहे की कॉलेज बघायला गेलात तर कॅमेरा कुठल्या कंपनीचा आहे ते विचारू नका. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला बाजूला घेऊन विचारा, तू कॅमेरा किती वेळा चालवलास, फोकस किती वेळा ओढलास, तुझं फुटेज कुणी बसून पाहिलं का, आणि बिघडलेलं परत करायला मिळालं का. शिक्षकांना विचारा, रशेस बघायला तुमच्या वेळापत्रकात तास आहे का. उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो तेही बघा.

त्या फ्रिजवाल्या गटाची दुसरी फिल्म आम्ही पाहिली ती दुपारी, सगळे पडदे ओढून. मी आधी चित्र झाकून नुसता आवाज लावला. घरघर नव्हती. पाकीट टेबलावर ठेवल्याचा आवाज स्वच्छ आला, त्यानंतरची खोलीची शांतता एकसारखी होती, आणि त्या शांततेमुळे बहीण काहीच बोलत नाही हे पहिल्यांदा जड वाटलं. पहिल्या फिल्ममध्ये ते जाणवलंच नव्हतं. मग चित्र लावलं. साउंडच्या नादात मुलांनी पाकीट या वेळी टेबलाच्या कडेला इतकं सरकवलं होतं की बहिणीच्या शॉटमध्ये ते चौकटीतच येत नव्हतं. ती कशाकडे बघत बसली आहे ते कळेना. वर्गात कुणी काही बोलायच्या आत ती किल्लीवाली मुलगीच म्हणाली, "पाकीट गेलं."

नंतर बाहेर जाताना ती दारात थांबली. पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर तिची पाळी होती.

"मॅडम, ती खोली गुरुवारी मिळेल का परत?"

वेळापत्रकाप्रमाणे मिळणार नव्हती. मी ऑफिसात जाऊन गुरुवारची किल्ली मागून आणली.